बँड वाढवायचा आहे

आमचा बँडवाला मामा चहा कधी फुंकून प्यायचा नाही. वर साय धरेपर्यंत कपाकडे बघत बसायचा. मामी चूल फुंकून डोळे लाल करून घ्यायची, पण हा फुंकणीला हात लावायचा नाही. म्हणायचा, "फुक मोजून देल्ली हाय देवानं. ते क्लॅरनेटची हाय, चुलीची नाही."

हा आळसाचा बहाणा, असं मामीसकट सगळ्यांचं मत. पण वरातीत मामानं क्लॅरनेट ओठाला लावली, की नवरदेवाचं घोडंसुद्धा पाऊल सांभाळून टाकी.

नवा महाराष्ट्र झाला त्याच्या आसपासची गोष्ट. मामाच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं, "वाजवणं बंद, नाहीतर जिवावर बेतेल." हे फक्त मामीला ठाऊक. मी तेव्हा चिखलीच्या एका साप्ताहिकात होतो; म्हणजे कापसाचे भाव उतरवून घ्यायचो आणि स्वतःला संपादक समजायचो. मुलाखत छापायची हौस आली आणि दुसरं कोणी उभं करेना, म्हणून मामालाच धरलं.

"मामा, पुढं काय बेत?"

"काय रायते बे आता? औंदा बँड वाढवाचा हाय."

आपण दिवा विझवत नाही, दुकान बंद करत नाही, वाढवतो. शेंबड्या पोराला कळतं ते. मी छापलं : 'मामांचा बँड वाढणार! नवी वाजंत्री, नवा ताफा!'

अंक निघाला आणि सुपाऱ्या सुरू झाल्या. मेहकर, हिवरा, पार जालन्याकडची गावं. मामानं अंक दोनदा वाचला. "भाच्या, तुले मराठी कोनं शिकवली बे?"

दुरुस्ती छापतो, म्हणालो.

"राहू दे. दारात आलेली सुपारी वापस करत नसतात."

मामी दाराआड उभी होती. "बापू, तुले छापाले शाई लागते," ती म्हणाली. "यायले वाजवाले काय लागते, मालूम हाय का?" मग तिनं डॉक्टरांचं सांगितलं.

त्या लग्नसराईत मी प्रत्येक लग्नाला गेलो, एस.टी.त मामाला खेटून बसून. जणू मी शेजारी असल्यावर काही होणार नव्हतं. सूर तोच होता. दोन सुरांमधली जागा तेवढी वाढत चालली होती.

मेहकरजवळच्या एका खेड्यात वरातीआधी चहा आला. मामानं कप उचलला आणि हळूच फुंकर घातली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"मामा?"

"काही नाही बे. आता काय मोजाची?"

वरात मारुतीच्या पारापाशी आली. मामानं तान वर नेली. ती खाली आली नाही. मामाच आला, पाराच्या दगडाला पाठ लावून.

दुसऱ्या दिवशी बायका मामीला विहिरीकडे घेऊन गेल्या. परतल्यावर आई दारातूनच मला म्हणाली, "मामीच्या बांगड्या वाढवल्या."

या खेपेला मला अर्थ बरोबर लागला.