कपाटातलं अंडं

आमच्या गावात विहिरी खोदणारे एक मामा आहेत. ते दगडावर पाणी शिंपडून हुंगतात आणि तंबाखू मळून झाल्याशिवाय मत देत नाहीत. मी भूगोलाचा मास्तर, कुणी विचारायच्या आत सांगतो. पारनेरच्या माळावरचा एक गोल दगड मी डायनासोरचं अंडं म्हणून शाळेच्या कपाटात मांडला आणि लाव्हारसात तो सगळा वंश कसा बुडाला, यावर तासभर बोललो. मामा नातीला न्यायला आले, तेव्हा पोरांसमोर त्यांनाही दाखवला. त्यांनी हुंगला.

"लई जुनं हाय, गुरुजी."

फाटकापाशी हळूच म्हणाले, "काळा पाषान झिजला की असा गोल व्हतो. आमच्या बांधाला ढीग हाय. फुटलं तर सांगा, दुसरं देतो."

मागच्या महिन्यात ते फुटलं. मी सांगितलं.