लाटेला पळायला जागा

समुद्राची धास्ती घ्यायला समुद्र पाहिलेला असावा लागतो, हा समज आमच्या व्याह्यांनी कायमचा मोडीत काढला आहे. शिरड शहापूरच्या शिवारात हळद पिकवणारा हा गृहस्थ. समुद्र पाहिला तो केवळ मोबाइलवर. परंतु त्यांची एकुलती लेक, म्हणजे माझी सून, संशोधनाच्या जहाजावर असते. पाण्यावर तरंगती यंत्रे सोडून वाऱ्याने उठणाऱ्या लाटा मोजायच्या आणि त्या पुढे कशा वाढतील याचे गणित बांधायचे, हे तिचे काम. ती जहाजावर चढली त्या दिवसापासून जगातील सर्व वाऱ्यांची जबाबदारी व्याह्यांनी स्वतःच्या शिरावर घेतली.

वारा किती जोराचा, किती वेळ वाहतो आणि किती लांब पाण्यावरून वाहतो, यांवर लाट वाढते, असे लेकीने त्यांना एकदा समजावले. दुसरा कोणी मान डोलावून चहा प्यायला असता. व्याह्यांनी जेसीबी बोलावला आणि चौकोनी शेततळे पश्चिमेकडून पूर्वेकडे लांबवीत थेट हळदीच्या सऱ्यांत घुसवले.

"काका, हे तळं हाय का कॅनॉल?" जेसीबीवाल्याने विचारले.

"लाटेला पळायला जागा लागती, बाबा. तू खोद."

मग त्या पाण्यात खुणा केलेला बांबू उभा राहिला. वारा सुटला की व्याही काठावर. लाट किती उठली ते लेकीला फोनवरून कळवत. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. विहीणबाई मला म्हणत, "बघा भाऊ, हळद वाळून राहिली अन् हे लाटा राखून राहिले!"

यंदा अरबी समुद्रात वादळ उठले आणि जहाजाचा फोन लागेना. मी गेलो तेव्हा व्याही काठावर बसले होते. शेजारचा चहा निवून गेला होता.

"गुरुजी, इथला वारा पडला. तिथला बी पडला असंल न्हाई का?"

"पडलाही असेल," मी म्हणालो. "परंतु तळ्यातील लाट वाऱ्याबरोबर निजते. समुद्रात मात्र वारा थांबल्यावरही मोठी लाट पुष्कळ दूर चालत राहते."

"हे आत्ताच काहून सांगितलं?"

माझे उत्तर अचूक होते. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल.

दुपार कलताना फोन वाजला. व्याह्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. मीच तो उचलून त्यांच्या कानाशी धरला.

"बाबा, आमी बराबर हाव. बंदराकडं निघालो. तुमी रडून राहिले का?"

"न्हाई गं. वारा लागून राहिला डोळ्याला."

"मग सांगा, तळ्यात आज लाट किती?"

पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. त्यांनी बराच वेळ त्याकडे पाहिले.

"लई मोठी उठली व्हती, माय," ते म्हणाले. "आत्ता कुठं उतरून राहिली."