रामा नव्हे, फिरोजी

ऑक्टोबरची नऊ तारीख. लेस उसवायची होती. जॉर्जेटच्या साड्या होत्या, काठाची लेस मीच लावलेली, आणि आता अर्धं ब्लेड हातात घेऊन मीच ती काढत बसले होते. लावण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो. जोर केला की जॉर्जेटचा धागा सरकतो आणि सुईची भोकं उघडी पडतात. मग ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची. एकदा भोकं मिटतात. त्याच जागी पुन्हा उसवावं लागलं तर मिटत नाहीत, साडी वाया जाते. म्हणजे आता परत चुकून चालणार नव्हतं.

सकाळीच शेठने सगळा लॉट परत पाठवला होता.

सुरतच्या बमरोलीत आमच्या गल्लीत हे काम घरोघर चालतं. मार्केटातून टेम्पो येतो, कोऱ्या साड्या टाकतो, तयार साड्या उचलतो. बाकीच्या बायकांना लेस सोबत मिळते. मी माझी लेस स्वतः आणते. शेठ मोबाईलवर फोटो पाठवतो, त्या फोटोतल्या रंगाची लेस मी बाजारातून शोधून लावते. याला मॅचिंग म्हणतात. सरळ शिलाई कोणीही मारील. शेठ माझ्याकडे येतो तो मॅचिंगसाठी, आणि इतक्या वर्षांत माझं मॅचिंग कधी परत आलं नव्हतं.

टेम्पो गेल्यावर शेठचा फोन आला. "बेन, फोटोमां फिरोजी छे. तमे रामा लगाव्युं."

फिरोजी निळ्याकडे जातो, रामा हिरव्याकडे. साडी नेसणाऱ्या बाईला हा फरक रस्त्याच्या पलीकडूनही कळतो. मी फोटो उघडला. समोर रामा होता.

"शेठ, फोटोत रामाच आहे. माझ्यासमोर उघडा आहे."

तो हसला. "तो चश्मा लई लो, बेन. काले हांज सुधी लॉट पाछो जोइए. नहीं तो दिवाळीनो माल बीजाने आपी दईश."

उद्या संध्याकाळपर्यंत लॉट नीट करून द्यायचा, नाहीतर दिवाळीचा माल दुसरीला. दिवाळीच्या मालावर आमचा हिवाळा निघतो. आणि एकदा शेठ दुसरीकडे गेला की तो परत येत नाही, कारण दुसरीही तोवर चांगलं काम शिकलेली असते.

नवरा पलसाण्याच्या डाईंगमधून रात्रपाळी करून आला होता, चहा पीत ऐकत होता. म्हणाला, "चाळिशी लागली तुला. घेऊन टाक चष्मा."

"मला दिसतंय."

"सगळ्यांना असंच वाटतं."

"तुम्हाला परवा डाळीतला खडा दिसला नाही, तो मी काढला."

"खडा वेगळा, रंग वेगळा," असं म्हणून तो झोपायला गेला. राग आला तो त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून. मी दारात उभी राहून सुईत दोरा ओवून पाहिला, पहिल्या खेपेला गेला. पण दोरा ओवता येतो म्हणजे रंग ओळखता येतो असं नाही. डोळेच गेले असतील तर माझ्याकडे विकायला दुसरं काही नाही, हा विचार डोक्यात आला, आणि तो घेऊनच मी ब्लेड हातात धरलं.

उसवायला शेजारीण मदतीला आली. ती धुळ्याकडची, अजून घरच्यासारखीच बोलते. नवी लेस लावायला तीच बसणार होती, म्हणून तिला डिझाईन कळावं यासाठी मी शेठचा फोटो तिच्या मोबाईलवर पाठवला. तिचा मोबाईल म्हणजे काच तडकलेली, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, "हाई ते फिरोजी शे."

मी तिचा मोबाईल हिसकावलाच. माझ्या मोबाईलशेजारी ठेवला. एकच फोटो. तिच्याकडे फिरोजी, माझ्याकडे रामा. मग मी एका पांढऱ्या साडीचा फोटो दोन्हीकडे उघडला. तिच्याकडे पांढरी साडी, माझ्याकडे जुन्या गादीच्या खोळीसारखी पिवळट.

"तुना डोया बराबर शेतस वं बाई," ती म्हणाली. "मोबाईलनाच डोया फुटेल शेतस."

मला हसू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच असा संताप आला की हातातलं ब्लेड खाली ठेवावं लागलं.

हा मोबाईल मी नवरात्राच्या आधी घेतला होता. जुना गरम व्हायचा आणि फोटो उघडायला इतका वेळ लावायचा की शेठ चिडायचा. भेस्तानच्या रस्त्यावर मोबाईलचं मोठं दुकान आहे, दाराशी स्टँडवर सगळे मोबाईल दिवसभर चालू ठेवलेले असतात, त्यांवर जाहिरात फिरत असते. मला हवं ते मॉडेल महाग होतं. मी निघाले तसा काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आंटी, आपके लिए एक पीस है, ऑफर में." आत गेला, बराच वेळ आत होता, खोकं घेऊन आला. खोक्याचं सील उघडं होतं.

"हे उघडं का?"

"चेक करने के लिए खोला, आंटी. एकदम फ्रेश."

किंमत बरीच कमी होती. मी कॅमेरा पाहिला, आवाज पाहिला, चार्जर लावून पाहिला, सिम घालून घरी फोन केला. कापड घेताना मी ते उन्हात नेते, चुरगाळून पाहते, कडेचा धागा ओढते. मोबाईल मात्र त्या दुकानाच्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली पाहिला आणि घेतला. त्या दिव्यांखाली सगळंच पांढरं दिसत होतं.

शेजारणीला उसवायला बसवून मी तिचा मोबाईल आणि माझा मोबाईल घेऊन रिक्षाने दुकानात गेले. दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. तोच माणूस होता.

"हर कंपनी का कलर अलग होता है, आंटी."

"पांढरा पांढराच असतो. कंपनी कोणतीही असो."

त्याने सेटिंग उघडलं, काहीतरी बंद केलं, काहीतरी चालू केलं. पिवळट ते पिवळटच राहिलं. मग त्याने बिल उलटं करून मागची बारीक अक्षरं दाखवली. "ऑफर पीस पे रिटर्न नहीं है. डिस्काउंट लिया ना आपने?"

घेतलं. सवलतीत वस्तू घेतली म्हणजे तक्रार करायचा हक्कही जणू सवलतीतच मिळाला, अर्धामुर्धा. मी त्याला सांगितलं की या पडद्यामुळे माझा लॉट परत आला आहे. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, साडी, पिशवी, बोटांना चिकटलेले धागे, आणि शेजारच्या पोराला हसत सांगितलं, "कलर के लिए आई हैं." मग मला म्हणाला, अगदी मायेने, "आंटी, एक बार आँख दिखा लो. इस उमर में होता है."

सकाळपासून हे तिसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्या दोघांना निदान माहीत नव्हतं.

घरी आले आणि पुन्हा उसवायला बसले. उसवता उसवता मोबाईल पुन्हा उघडला. शेठने फिरोजीच्या फोटोबरोबर पुढच्या डिझाईनचा फोटो पाठवला होता, राखाडी साडी, तिचं कापड पूर्ण पडद्यावर यावं इतकी मोठी करून मी बघत होते. राखाडी अंगावर काहीतरी डाग दिसला. आधी वाटलं साडीवरची छपाई असेल. बोटाने फोटो सरकवला, तर साडी सरकली आणि डाग जागेवर राहिला. पदराने काच पुसली. तरी तिथेच. मोबाईल तिरपा धरला तेव्हा अक्षरं दिसली, फिकट, मोठी, इंग्रजी. इंग्रजी मी जुळवून जुळवून वाचते. ऑफर. खाली टक्क्याची खूण.

तेव्हा कळलं. हा मोबाईल दाराशी स्टँडवर उभा होता. दिवसभर, पूर्ण उजेडात, ऑफरची जाहिरात फिरवत, किती महिने कोण जाणे. ती जाहिरात काचेत भाजून बसली होती, आणि तेवढ्या उजेडाने रंगही पिवळे पडले होते. आत जाऊन त्याने नवं खोकं आणलं ते रिकामं खोकं असणार. दारातून आधीच काढून आत ठेवलेला मोबाईल त्यात भरला.

सुरतेत आम्ही रोज डाग पडलेला माल बघतो. कुठे छपाई हलते, कुठे धागा तुटतो, कुठे रंग एकसारखा चढत नाही. तो माल फेकत नाहीत, विकतात, पण सेकंड म्हणून विकतात. ताग्यावर लिहितात, तोंडानेही सांगतात. घेणारा कमी पैसे देतो आणि डाग कुठे आहे ते बघून घेतो. सेकंडचा माल मीही घेतला आहे, मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाचे कपडे त्यातच शिवले, लाज वाटायचं कारण नाही. पण सेकंडला फ्रेश म्हणून विकलं तर त्या व्यापाऱ्याची मार्केटात बदनामी होते. दुकानदाराने मला स्टँडवरचा पीस आहे असं सांगितलं असतं तर कदाचित मी तोही घेतला असता. रंग शेजारणीच्या मोबाईलवर पाहिला असता. त्याने सांगितलं नाही, वर माझ्या डोळ्यांना सेकंड ठरवलं.

शेजारणीला अक्षरं दाखवली. ती म्हणाली, "उद्या जाशी का?"

"जाईन."

"आनि हाई काम?"

"कामही घेऊन जाईन."

नवी लेस लगेच आणली, फोटो शेजारणीच्या मोबाईलवर उघडून, दिवस मावळायच्या आत, लेसच्या दुकानाबाहेर उजेडात धरून. फिरोजी. तिने लावायला सुरुवात केली, मी उसवत राहिले, तरी सगळं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यासाठी डबा भरून झाकून ठेवला, राहिलेल्या साड्या पिशवीत घातल्या आणि शटर उघडत असताना दुकानाशी पोचले. त्या माणसाने मला ओळखलं. मी सरळ काउंटरशी गेले. मोबाईलचा उजेड पूर्ण वाढवला, राखाडी साडीचा फोटो मोठा केला आणि मोबाईल काउंटरवर ठेवला, येणाऱ्याला दिसेल असा. मग गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या सोफ्यावर बसले, पहिली साडी मांडीवर पसरली आणि ब्लेड काढलं. लेसचे तुकडे आणि धागे त्यांच्या चकचकीत फरशीवर पडू लागले.

"आंटी, ये क्या कर रही हो?"

"उसवते आहे. डोळे कमजोर झालेत ना माझे. तुमच्याकडे उजेड चांगला आहे."

एक नवरा-बायको मोबाईल बघायला आली. बाईने काउंटरवर वाकून विचारलं, हे काय लिहिलंय. मी म्हटलं, "वाचा की." तिने वाचलं, आणि ज्या मोबाईलसाठी आली होती त्याचं खोकं उघडायच्या आधी उलटसुलट करून बघायला लागली.

काउंटरवरचा माणूस माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "क्या चाहिए आपको?"

"बदलून दे. नाहीतर बिलावर लिही, हा दाराशी ठेवलेला पीस आहे म्हणून. सही कर. तो कागद मी शेठला दाखवीन, माझं मी बघून घेईन."

"मालिक बारह बजे आएंगे."

मी पिशवीत हात घातला आणि पुढची साडी काढली.