परीक्षण काकूंच्याच आवाजात

दुपारी शिलाई मशीन थांबलं की काकू मोबाइलवर सुपरहिरोंच्या मारामारीचा खेळ खेळायच्या आणि त्याचं परीक्षण आपल्या खरखरीत आवाजात व्हिडिओवर टाकायच्या. पहिल्याच व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, 'आजी, हे तुमचं काम नव्हे.' कॉलेजातली लेक शरमली. दुसऱ्या व्हिडिओला तिनं हट्टानं स्वतःचा गोड आवाज दिला. 'ढाल धरून ठेवा' एवढं ती बोलली. पण ढाल सोडायची कधी, हे आईनं सांगितलेलं वाक्य तिला कंटाळवाणं वाटलं, म्हणून तिनं गाळलं. बघणारे ढाली धरून बसले आणि पटापट हरले.

"आई, लोक शिव्या घालतायत गं."

"घालणारच. खेळले मी आणि बोललीस तू. काढून टाक तो व्हिडिओ."

"मग पुन्हा तुझा आवाज? हसतील तुला."

"हसू देत. दात त्यांचेच दिसतील."

काकूंनी मोबाइल कापडाच्या गठ्ठ्याला टेकवला.

"मंडळी, विजेचा हिरो दिसायला झोकात आहे, पण उगाच बटणं बडवलीत तर त्याची शक्ती वाया जाते. ढाल धरा. समोरच्याचा मोठा वार हुकला, की लगेच ढाल सोडून मारा. आणि हरलात की हा खेळ नवा हिरो विकत घ्या म्हणून मागे लागतो, हे मला मुळीच आवडलेलं नाही. घेऊ नका, जुन्यालाच तरबेज करा."

"आई, जरा हळू बोल ना," लेक कुजबुजली.

काकूंनी आवाज आणखी चढवला. "आणि ज्याला माझा आवाज सोसत नाही, त्यानं माझ्याशी एक डाव खेळून दाखवावा. मी रोज दुपारी इथेच असते."