गोळीला वास नसतो

“तोंड उघड.”

पालघरच्या मैदानात, भरल्या गर्दीसमोर, सायकल शर्यतीच्या डॉक्टरांनी मला सांगितलं. मी नुकताच पहिला आलो होतो. धापसुद्धा थांबली नव्हती. त्यांनी माझा जबडा धरला, मान वर केली, नाक जवळ आणलं. दारूचा वास येतो का बघायला.

बाकी कुणाचा घेतला नाही. फक्त माझा. मी सातपाटीचा, कोळ्याचा पोरगा. रोज सकाळी सायकलीला मासळीच्या टोपल्या बांधून पालघर स्टेशन गाठणारा. असला माणूस ताडी ढोसल्याशिवाय शर्यत भरवणाऱ्या शेटच्या पुतण्याला मागे टाकेलच कसा?

तारापूरला तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं. शर्यत तिथपर्यंत आणि परत. शेट मुंबईत सायकली विकायचे. पहिल्या येणाऱ्याला ते आपल्या संघात पगारावर घेणार होते. सायकल चालवायची आणि पगार घ्यायचा. मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

जाताना पाम गावाजवळ पुतण्या माझ्या बरोबरीत होता. त्याने खिशातून पांढरी गोळी काढून तोंडात टाकली. दुसरी माझ्यापुढे धरली. “घे. दम लागणार नाही. डॉक्टरांनीच दिल्यात.” मी घेतली नाही. पण परत आल्यावर कुणाला सांगितलंही नाही. मोठ्यांच्या भानगडीत कशाला पडा, असं वाटलं. त्याची लाज आजही वाटते.

डॉक्टर म्हणाले, “वास नाही. पण काहीतरी घेतलंय नक्की.”

शेटनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “ताडीचे दोन घोट घेतले होते, एवढं लिहून दे. दुसरं बक्षीस देतो. नोकरीचंही बघू.”

कागद तयारच होता. मी पेन घेतलं. खरं सांगतो, सही करणार होतो.

तेवढ्यात गर्दीतून आई पुढे आली. मासळीबाजारातून थेट, पाटी डोक्यावर तशीच.

“डाक्तर, गिऱ्हाईक येतं ते पाटीतल्या सगल्या माशांचे कल्ले उघडून बघतं. मी बघू देते. तुमी एकाचेच बघितले. बाकीच्यांचे कवा बघणार?”

कुणी हसलं नाही. पुतण्या मांडवात बसला होता. डोळे तारवटलेले, दात एकमेकांवर घासत होता.

मी पेन खाली ठेवलं. “गोळीला वास नसतो. त्याचा खिसा बघा. माझा पण बघा. सगल्यांचे बघा.”

“चांगल्या घरच्या मुलांचे खिसे तपासायचे?” शेट म्हणाले.

तपासले नाहीत. माझं नाव खोडलं, ढाल पुतण्याला दिली. टाळ्या फक्त मांडवातून वाजल्या. मैदानातली माणसं हात बांधून उभी राहिली आणि मग निघून गेली.

दुसऱ्या सकाळी मी टोपल्या बांधल्या. पुढे ज्या ज्या शर्यतीला गेलो, तिथे सुरुवातीच्या रेषेवरच मोठ्याने विचारलं, “तपासणी सगल्यांची हाय का?” दोनदा हाकलला गेलो. तरी विचारतो. तपासायचं तर अख्खी पाटी तपासा. बाकीच्यांना सोडून माझ्या एकट्याचा जबडा मी पुन्हा कुणाच्या हातात देणार नाही.