झोपलेल्या पोरी

अमेरिकेहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन्ही लहान मुलींना घेऊन ऑटोने गोंदिया दाखवायला निघाले. ज्या कॉलेजने मला घडवलं, ते त्यांना दाखवायचं होतं. पण तिकडच्या रात्रीची झोप इथे भरदुपारी त्यांच्यावर कोसळली. आमचे म्हातारे ऑटोवाले काका मात्र जिथे थांबू तिथे वळून त्यांचे तळपाय हलवत, "उठा वं पोरीहो!"

शेवटी मी चिडले, "झोपू द्या ना, काका. काऊन उठवता?"

ते समोर बघत म्हणाले, "माही नात अशीच झोपली होती, बाई. सिकलसेल होता तिले. नागपूरले नेऊन राहिलो होतो. मी म्हटलं, झोपू दे. मंग उठलीच नाही."

घरी उतरल्यावरही ते ऑटो सुरू करेनात. मी दोघींना हलवलं. दोघी भोकाड पसरून रडल्या, तेव्हा कुठे ते गेले.