ऐकण्याची नोकरी

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि दोघींनी धरून उचलावा लागेल असा पुष्पगुच्छ. ओळख करून देणाऱ्या बाई माइकवर म्हणाल्या, "आजींनी सारं आयुष्य रेडिओला वाहिलं. आता त्यांच्या गोड आवाजात त्या दोन शब्द बोलतील."

माझा आवाज गिरणीत ज्वारी पडावी तसा आहे. पण मी उठले, माइक जवळ ओढला आणि म्हटलं, "नमस्कार, श्रोतेहो!" टाळ्याच टाळ्या. माझी नात पहिल्या रांगेत तोंडात ओढणी कोंबून बसली होती. आजी रेडिओवर कधी बोलली नाही, हे त्या मंडपात तिला एकटीलाच माहीत होतं.

हा गैरसमज सोलापुरात माझ्याबरोबरच म्हातारा झालाय, आणि त्याला खाऊपिऊ घालून मीच वाढवलाय.

पदार्थविज्ञान शिकून मला नोकरी लागली ती रेडिओ दुर्बिणीवर. सूर्य, तारे नुसता उजेड देत नाहीत, रेडिओलहरीही सोडतात. माळावर खांब रोवून, तारा ताणून त्या पकडायच्या. तेव्हा हे काम करणाऱ्या बायका आपल्याकडे जवळजवळ नव्हत्याच. मी हे सगळं घरी नीट समजावून सांगितलं. घरानं त्यातला एक शब्द उचलला. आत्या त्याच संध्याकाळी गल्लीभर सांगून आली, "आमची पोरगी रेडिओत लागली की!"

आप्पांचं भुसार मालाचं दुकान. त्यांच्या लेखी रेडिओ म्हणजे पक्की इमारत, पंखे, सभ्य माणसं, आणि संध्याकाळी घरी. मुलगी परमुलखात उघड्या माळावर पुरुषांबरोबर खांब रोवणार, हे कळलं असतं तर बॅग उंबऱ्याबाहेर गेली नसती. म्हणून मी तोंड मिटून घेतलं. त्या वेळची मी म्हणजे काय विचारता! दोन वेण्या, जाड भिंगांचा चष्मा आणि वर्षभरात आकाशात काहीतरी नवं सापडणार याची बालंबाल खात्री. सापडल्यावर त्याला आपलं नाव द्यावं की आडनाव, एवढाच काय तो प्रश्न शिल्लक होता.

इकडे गल्ली रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायची. आत्यानं पत्रातून विचारलं, "तुझा आवाज काय येईना. घसा बसलाय का गं?" मी कळवलं, माझी पाळी सकाळची असते. बिचारी गल्ली पहाटे उठायला लागली.

एवढ्यावर भागलं असतं, पण मंद्रूपहून एक स्थळ आलं. शेतीवाडी भरपूर, आणि मंडळींना रेडिओवाली सून हवीच होती. आप्पा मला घेऊन जायला निघाले. दोन दिवस आधी पत्र आलं आणि माझी झोप उडाली. आप्पांनी हा माळ पाहिला की माझी नोकरी संपली, हे दिसतच होतं.

ते यायच्या दिवशी मी सकाळपासून कागदासमोर बसले होते. आमच्याकडे सरकत्या कागदावर पेन चालायचं. लहरी वाढल्या की पेन उसळायचं. ते एकाएकी असं काही उसळलं की कागदाच्या कडेला जाऊन आदळायला लागलं. वर लावलेल्या कर्ण्यातून तडतड तडतड. मी ओरडत बाहेर पळाले, "सूर्यावर स्फोट झालाय! या, या, सगळे या!" आमचे साहेब हातातला चहा सांडत आले. तडतड वाढतच गेली, अगदी दाराशी आली आणि फट्कन थांबली.

दाराशी दूधवाल्याची मोटारसायकल उभी होती. इंजिनातल्या ठिणग्याही रेडिओलहरी सोडतात; तिच्या ठिणग्यांनी आमचं यंत्र वेडंपिसं केलं होतं. मागच्या सीटवर, दुधाच्या दोन कॅनच्या मध्ये, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी पोटाशी धरून आप्पा बसले होते. मी आयुष्यात लावलेला पहिला शोध म्हणजे माझे वडील.

साहेबांनी गंभीरपणे कागदाकडे पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं आणि म्हणाले, "फार तेजस्वी आहेत."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी खांब पाहिले, तारा पाहिल्या, आणि आमची पत्र्याची खोली पाहिली.

"केंद्र कुठाय?"

"हेच, आप्पा."

"बोलतीस कुठनं?"

"मी बोलत नाही. ऐकते."

"कुणाचं?"

मी वर बोट दाखवलं. आप्पांनी वर बघितलं. वर एक घार होती.

मी त्यांना कर्ण्याखाली बसवलं. पाऊस दूरवर पडत असावा तसा खरखर आवाज येत होता. "हे आकाशातनं येतंय. दिवसभर हे ऐकायचं, त्यात काय वेगळं आहे ते शोधायचं. त्याचाच पगार."

आप्पा बराच वेळ ऐकत राहिले. लहानपणापासून माझ्याबद्दल त्यांची एकच तक्रार होती, आणि ती ते रागात कानडीतून करायचे: मात केळंगिल्ला. म्हणजे, सांगितलेलं ऐकत नाही. एकदम त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

"साहेब," ते म्हणाले, "ह्या पोरीनं जन्मात कुणाचं ऐकलं न्हाय. आईचं न्हाय, मास्तरांचं न्हाय, माझं तर न्हायच. आणि हिला तुमी ऐकायचा पगार देता?"

"चांगलं ऐकते," साहेब म्हणाले.

"मग ठेवा. आमच्याच्यानं जे झालं न्हाय, ते हितं झालंय."

पिशवी माझ्या हातात देऊन ते निघाले. मी हळूच विचारलं, "मंद्रूपकरांना काय सांगणार?"

"खरं तेच. पोरगी ऐकतीय, पण आमचं न्हाय."

पुढं त्या माळावर माझी बरीच वर्षं गेली. यंत्रं जोडली, आकाशाच्या एका पट्ट्याचा नकाशा केला, हाताखाली मुली तयार केल्या, देशोदेशी जाऊन याच खरखरीवर भाषणं ठोकली. लग्नही केलं, माझ्या मनानं, तिथल्याच तारा ओढणाऱ्या इंजिनिअरशी. माझं नाव मात्र आकाशात कशालाच लागलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या आठवड्यात आप्पा सोलापूरला पोचले तेव्हा दुकानात गर्दी जमली. पोरगी दिसली का? आवाज का येत नाही? आप्पांनी तराजूत तूरडाळ ओतत सांगितलं, "ती बोलायच्या खात्यात न्हाय. ऐकायच्या खात्यात हाय. तुमी बोला, ती तिकडं ऐकतीय."

तेव्हापासून गल्लीत लोक रेडिओजवळ जपून बोलायला लागले. आणि माझ्या लग्नाचा विषय काढायचा झाला, की आत्या आधी उठून रेडिओ बंद करायची.